चौदा दिवस, सहा माणसं, एक गाडी: सात देश करू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे की तुम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची (गाडी लागते), मुलगा ४ वर्षांचा, आई ६६ आणि बाबा ७१, गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. मे अखेरीस म्युनिकला उतरायचं आणि चौदा दिवसांनी तिथूनच परत. मधे साल्झबर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, ब्लेड, व्हेनिस, मिलान, इंटरलाकेन, झुरिक आणि "जाता जाता लिश्टेनस्टाइन". विचारलंय ते एवढंच की सेव्हन सीटर पुरेल का, विन्येट (हायवे वापरायचा पास) कुठून घ्यायचं आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं का.

तिन्हीची उत्तरं देते, पण खरा घोळ तिथे नाहीये. मी म्युनिकजवळ आउग्सबर्गला चौदा वर्षं राहते, दर उन्हाळ्यात आमच्याकडे कोणी ना कोणी येतं, कधी माझे आई-बाबा, कधी सासू-सासरे, एकदा तर दोन्हीकडचे एकदम, आणि गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. पहिल्या वर्षी आम्ही पण असाच प्लॅन केला होता. सहाव्या दिवशी माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मागच्या सीटवरून म्हणाले, "हे झाड मी काल पण बघितलं होतं का गं?" तेव्हा कळलं की त्यांना युरोप म्हणजे फक्त खिडकीतून पळणारी झाडं दिसतायत.

तुमच्या यादीतली अंतरं जोडून बघा. म्युनिक-साल्झबर्ग १४५ किलोमीटर, तिथून व्हिएन्ना ३००, बुडापेस्ट अजून २४५, बुडापेस्ट ते ब्लेड पाचशेच्या वर, मग व्हेनिस, मिलान, आल्प्स ओलांडून इंटरलाकेन, झुरिक, आणि परत म्युनिक ३१५. अडीच हजार किलोमीटर होतात, गावातलं फिरणं सोडून. आपल्याला वाटतं की तिकडचे रस्ते मस्त, ताशी १३० ने गेलं की झालं. पण ४ वर्षांचं मूल, गाडी लागणारी मुलगी आणि दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करायला लागणारे बाबा गाडीत असले की गूगल जे सांगतं त्याच्या दीडपट वेळ धरायचा, हा माझा हिशोब आहे आणि तो आजवर चुकलेला नाही. गूगलने अडीच तास म्हटलं की तुमची सकाळ गेली आणि जेवायची वेळ झाली असं समजा.

आणि दुसरं म्हणजे तुमच्या यादीत बहुतेक मोठी शहरं आहेत. मोठ्या शहरात गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणं. पार्किंग महाग, रस्ते एकेरी, आणि व्हिएन्ना, बुडापेस्ट, मिलान या तिन्ही ठिकाणी मेट्रो इतकी छान आहे की गाडी हॉटेलच्या गॅरेजमधे झोपून राहणार आणि तुम्ही तिचं भाडं भरणार. गाडीचा खरा फायदा डोंगरात, तळ्यांच्या काठाला, छोट्या गावात, जिथे बस तासाला एक असते आणि आई-बाबांना स्टॉपवर उभं करणं नको वाटतं. त्यामुळे शहरंच बघायची असतील तर गाडी नका घेऊ, ट्रेनने जा. गाडीच घ्यायची असेल तर शहरं कमी करा. स्वित्झर्लंड तर मी यातून सरळ काढूनच टाकेन. तिथे हायवेचं विन्येट फक्त वर्षाचं मिळतं, ४० फ्रँक, तुम्ही दोन दिवस जा नाहीतर तीनशे, आणि तिथली खरी मजा ट्रेनमधेच आहे. पुढच्या वेळी वेगळं करा.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. पहिली रात्र म्युनिकला, आणि त्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही. रात्रभर विमानात बसून, झोप नसताना, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं हा मूर्खपणा आहे, मी हे स्पष्टच सांगते. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून गाडी ताब्यात घ्या आणि बेर्ख्टेसगाडेनला जा, दीडशे किलोमीटर, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं पण जर्मनीतलंच डोंगरातलं गाव. तिथे ३ रात्री. क्योनिग्सझे तळ्यात १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, अजिबात आवाज नाही, बाबांना चालावं लागत नाही आणि मुलं पण खूश. साल्झबर्ग तिथून अर्ध्या तासावर आहे, एक दिवस तिकडे, गाडी गावाबाहेरच्या पार्क अँड राईडला लावून बसने आत.

मग स्लोव्हेनियात ब्लेडला ३ रात्री. ब्लेडच्या बेटावर जायला पलेत्ना नावाच्या वल्ह्याच्या नावा असतात, पण वर चर्चपर्यंत ९९ पायऱ्या आहेत हे आधीच सांगते, बाबांना खाली बसून क्रीम केक खाऊ दे. (केकमधे अंडं असतं, ते तुमचं तुम्ही बघा.) बोहिन्यचं तळं जवळच आहे आणि मला विचाराल तर ब्लेडपेक्षा जास्त सुंदर. पोस्तोयनाची गुहा नक्की करा, आत छोटी रेल्वे आहे, पण मधलं दीडेक किलोमीटर चालावंच लागतं आणि आत बारा महिने १० अंशाच्या आसपास तापमान असतं, स्वेटर गाडीत विसरू नका, आम्ही विसरलो होतो.

तिथून व्हेनिससाठी २ रात्री, पण मुक्काम व्हेनिसमधे नाही, मेस्त्रेला. व्हेनिसमधे गाडी जात नाही, आणि बॅगा घेऊन ते पूल चढणं-उतरणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. मेस्त्रेहून ट्रेन दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया स्टेशनवर सोडते, बाहेर पडलं की समोर ग्रँड कॅनॉल. मग इटलीतल्याच डोंगरात, डोलोमाइट्समधे, ब्रिक्सेनला ३ रात्री आणि शेवटची रात्र परत म्युनिकला, विमानतळाजवळ. ब्रिक्सेनहून थेट विमान गाठायच्या फंदात पडू नका, इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या ब्रेनर घाटात अडकलात तर विमान गेलं. तिथे लुएग पुलाचं काम २०२५ पासून चालू आहे आणि बऱ्याचदा एकच लेन सुरू असते.

म्हणजे १+३+३+२+३+१, तेरा रात्री, देश चार, मुक्काम ते मुक्काम साधारण बाराशे किलोमीटर. सातातले तीन देश कमी झाले म्हणून वाईट वाटेल हे मला माहीत आहे, नातेवाईकांना सांगताना सात बरं वाटतं. ऑस्ट्रियात तर यात एक पण मुक्काम नाही, पण साल्झबर्ग होतं आणि दोनदा आल्प्स आरपार होतात.

आता कुठल्या वारी निघायचं ते. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. मे अखेर ते जूनची सुरुवात म्हणजे बव्हेरियात (म्युनिक याच राज्यात आहे) बहुतेक वेळा फिंग्स्टनची, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची, सुट्टी असते, शाळा दोन आठवडे बंद. ईस्टरप्रमाणे तारीख दर वर्षी हलते, ती बघून घ्या. त्या सुट्टीच्या पहिल्या शनिवारी अख्खं बव्हेरिया इटलीकडे निघतं. एकूणच सुट्टीच्या दिवसांत आल्प्स ओलांडायचा रस्ता शनिवारी टाळायचा, कारण भाड्याची घरं बऱ्याच ठिकाणी शनिवार ते शनिवार देतात आणि सगळे एकाच दिवशी रस्त्यावर असतात. ब्लेडच्या वाटेवरचे तावर्न आणि कारावांकन बोगदे, परतताना ब्रेनर, तिन्हीकडे तेच. वर दिलेला प्लॅन बुधवारी उतरलात तर नीट बसतो: ब्लेडला जायचा दिवस रविवार येतो, मेस्त्रे बुधवारी, ब्रिक्सेन शुक्रवारी आणि ब्रेनरवरून परत सोमवारी. फक्त रविवारी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया तिन्हीकडे दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा. आणि फिंग्स्टनचा सोमवार जर्मनी-ऑस्ट्रियात सुट्टी असतो, म्हणजे सलग दोन दिवस शटर खाली. डोलोमाइट्समधल्या काही केबल कार स्कीइंग संपलं की बंद होऊन जूनमधेच परत सुरू होतात, म्हणून तारीख जितकी जूनकडे सरकेल तितकं बरं.

व्हिसा पण याच रात्रींवर ठरतो. या सगळ्या देशांना मिळून शेंगेन व्हिसा एकच लागतो, पण अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त राहणार त्या देशाकडे करायचा. वरच्या प्लॅनमधे जर्मनीत ५ रात्री, इटलीत ५, स्लोव्हेनियात ३. बरोबरी झाली की जिथून आत शिरणार तो देश, म्हणजे जर्मनी. तुम्ही इटलीत एक रात्र वाढवलीत तर अर्ज इटलीकडे जातो, तेव्हा बुकिंग करताना हे डोक्यात ठेवा. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोंचा. आणि शेंगेनमधे देशादेशांच्या सीमेवर सहसा तपासणी नसते म्हणून पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी परत सुरू केली आहे, ऑस्ट्रियातून परत येताना पोलीस थांबवू शकतात. सहाही पासपोर्ट पुढच्या खणात.

परमिट: हो, घ्याच. आरटीओतून मिळतं, एक वर्ष चालतं. मूळ लायसन्स पण सोबत पाहिजे, नुसत्या परमिटला किंमत नाही. तुमची बायको पण थोडं चालवणार असेल तर तिचं पण काढा आणि गाडी घेताना दुसरी ड्रायव्हर म्हणून नाव टाका, थोडे पैसे जातात, पण नाव नसताना चालवली आणि ठोकली तर इन्शुरन्स हात वर करतो.

सेव्हन सीटर: सहा माणसांना नाही पुरणार. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन केबिन बॅगा जेमतेम बसतात आणि तुमच्याकडे निदान चार मोठ्या असणार. नाइन सीटर व्हॅन घ्या. साध्या कारच्या लायसन्सवर चालते, ड्रायव्हर धरून नऊ माणसांपर्यंत परवानगी असते. ती लांब वाटते पण एका दिवसात सवय होते. दोन गोष्टी मात्र बघा, ऑटोमॅटिकच घ्या, आणि गाडीची उंची कागदावर लिहून काचेजवळ चिकटवा, कारण जुन्या गॅरेजेसमधे १.९० किंवा २ मीटरचीच मर्यादा असते. कंपनीला कुठले कुठले देश करणार ते बुकिंगच्या वेळीच सांगा. ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डिपॉझिट त्यावर अडकून राहतं, तेव्हा लिमिट आणि इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत ना ते निघायच्या आधीच बघा. मुलांच्या सीट दोघांनाही लागतील, मुलगी नऊची असली तरी. जर्मनीत बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची यातलं जे आधी होईल तोपर्यंत सक्ती आहे. तिच्यासाठी साधा बूस्टर (बसायची उंची वाढवणारी सीट) भारतातून आणायच्या भानगडीत पडू नका, इथल्या नियमात बसणारा हवा, इथल्या सुपरमार्केटमधे पण मिळतो आणि भाड्यापेक्षा बहुतेक स्वस्त पडतो.

विन्येट. जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाचं १० दिवसांचं घ्या, बारा-तेरा युरो, ऑनलाइन घ्यायचं तर गाडीचा नंबर हातात आल्यावरच कारण ते नंबरशी जोडलेलं असतं, आणि असफिनागच्या (ऑस्ट्रियाची हायवे कंपनी) स्वतःच्या साइटवरूनच, सर्चमधे वर दिसणाऱ्या भलत्या साइट्स जास्तीचे पैसे लावतात. इथे एक गंमत आहे. तुम्ही तिसऱ्या दिवशी साल्झबर्गला जाताना ते चालू केलंत तर दहा दिवस बाराव्या दिवशी संपतात आणि परतताना तेराव्या दिवशी ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ तुम्ही विनाविन्येट. म्हणून साल्झबर्गला बेर्ख्टेसगाडेनहून साध्या रस्त्याने जा, हायवेला लागूच नका, आणि विन्येट पाचव्या दिवसापासून घ्या. एकात भागतं. स्लोव्हेनियाचं आठवड्याचं, तिथल्या हायवे कंपनीच्या, दार्सच्या साइटवर, तिथे स्टिकर नाहीच, सगळं नंबरवर. याशिवाय तावर्न, कारावांकन आणि ब्रेनर यांचा टोल वेगळा, विन्येट असलं तरी, लोक इथे भांडतात की आम्ही भरलंय, पण ते वेगळंच आहे. इटलीत आपल्या एक्सप्रेसवेसारखं, चढताना तिकीट घ्या, उतरताना भरा, फक्त पिवळ्या टेलीपासच्या (तिकडचा फास्टॅग) लेनमधे घुसू नका.

इटलीत खरी भीती झेडटीएलची. जुन्या गावांच्या मध्यभागात ठरावीक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी, तोंडाशी एक छोटी पाटी, लाल गोल, आणि वर कॅमेरा. अडवत कोणीच नाही. आम्ही भाड्याची व्हॅन घेऊन एका जुन्या गावात हॉटेल शोधत तीन चकरा मारल्या, मस्त पिझ्झा खाल्ला, घरी आलो. आठ महिन्यांनी तीन दंड. तीन चकरा, तीन कॅमेरे, आणि आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडी कंपनीने प्रत्येक वेळी वेगळी फी कार्डातून कापली. नवरा अजून म्हणतो की तो आयुष्यातला सगळ्यात महाग पिझ्झा होता. पार्किंगच्या रेघांचं इटलीत सोपं आहे, पांढरी फुकट, निळी पैसे, पिवळी तुमची नाही.

उजव्या बाजूने चालवायची भीती लोकांना हायवेवर वाटते, पण हायवेवर चूक होतच नाही, समोर सगळे बरोबर जात असतात. चूक होते सकाळी रिकाम्या गल्लीत, नाहीतर पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, जिथे कोणीच दिसत नाही आणि हात आपोआप डावीकडे वळतो. एकच लक्षात ठेवा, ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या बाजूला. भारतात पण तसंच असतं, म्हणून डोक्याला नवीन काही शिकावं लागत नाही. पहिले दोन दिवस शेजारच्या माणसाने प्रत्येक वळणाला मोठ्याने "उजव्या बाजूने" म्हणायचं, हे काम मुलीला द्या, ती झोपणार पण नाही आणि समोर बघत राहिली तर तिला गाडी लागणार पण नाही. पाटी-बिटी काही नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं, रस्ता लहान असला तरी, जर्मनीत या बाबतीत कोणी हॉर्न देत नाही, सरळ येऊन धडकतात. ऑटोबानवर (जर्मन हायवे) ट्रॅफिक तुंबला की लगेच सगळ्यात डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधे ॲम्ब्युलन्सला वाट ठेवायची, ॲम्ब्युलन्स दिसल्यावर नाही, गाड्या थांबायला लागल्या की लगेच. आणि ओव्हरटेक फक्त डावीकडून, मग परत उजवीकडे. १३० ने डाव्या लेनमधे ऐटीत राहिलात तर मागून २०० ने येणारा दिवे मारेल.

राहिलं जेवण. तुम्ही विचारलं नाहीत, पण आई-बाबांची ट्रिप यावरच ठरते. प्रत्येक ठिकाणी किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, तळमजला किंवा लिफ्ट आहे ना ते विचारून. एक छोटा कुकर, मेतकूट, पोहे, मसाला, थेपले, भाकरवडी एवढं आणा, तांदूळ-डाळ-भाज्या सगळीकडे मिळतात. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे साजूक तूप, पेढे, खव्याचं काहीही बॅगेत नको, कस्टमवाल्याने पकडलं तर समोर फेकून देतो आणि आईचा जीव तुटतो. तूप इथेच करायचं. बिनमिठाचं बटर घ्या आणि पहिल्याच मुक्कामी कढवा, चौदा दिवस पुरतं. सासूबाईंनी ब्लेडला रात्री साडेनऊला तूप कढवायला घेतलं, बेरी जरा करपली, स्मोक अलार्म जो वाजला तो थांबेना, आणि खालून घरमालकीण धावत वर आली. तिला वाटलं आग लागली. सासूबाईंनी तिला मराठीतच सगळं समजावून सांगितलं आणि वाटीभर तूप दिलं. तेव्हा आधी गॅसवरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा, मग बटर टाका.